२०१५ च्या ह्युगो यादीतील पाच कादंबऱ्या : आपला पसंतीक्रम आणि त्यामागची कारणे

वाचनयात्री (धागाकर्ती)

सप्रेम नमस्कार.

आपल्या बडोद्याच्या वाचकगटाने ठरवल्याप्रमाणे २०१५ च्या ह्युगो या विज्ञानकथा-पुरस्काराच्या अंतिम यादीतील पाचही कादंबऱ्या वाचून झाल्या आहेत. रविवारच्या बैठकीत पहिल्याच पुस्तकावर दीड तास गेला आणि बाकीची चार तशीच राहिली, म्हणून उरलेली चर्चा इथे लिहून करावी आणि शनिवारी रात्रीपर्यंत प्रत्येकाने आपला पसंतीक्रम द्यावा, असे ठरले.

बैठकीला जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ह्युगोला परीक्षक मंडळ नसते. जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद होणारे वाचकच नामांकने करतात आणि तेच मते देतात. १९५३ मध्ये फिलाडेल्फियाच्या संमेलनात हा पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला. १९२६ मध्ये केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक काढणारे ह्युगो गर्न्सबॅक यांचे नाव त्याला आहे. कादंबरी गटासाठी किमान ४०,००० शब्द लागतात आणि अद्‌भुतकथाही त्यात चालते. मतदार केवळ एका पुस्तकावर खूण करत नाही, तर एक, दोन, तीन असे क्रम लावतो, आणि त्या क्रमात ‘पुरस्कार नाही’ हाही एक पर्याय असतो.

हेच वर्ष निवडण्याचे कारण बहुतेकांना ठाऊक आहे. त्या वर्षी काही गटांनी आपल्या अनुयायांना तयार याद्या दिल्या. प्रत्येकाला पाच नावे सुचवता येत होती आणि अंतिम यादीतही पाचच जागा होत्या, त्यामुळे थोड्या लोकांनी तीच पाच नावे एकगठ्ठा दिली तर सगळा गट त्यांच्या हाती जात असे. आपले पुस्तक अशा यादीमुळे आत आले हे कळल्यावर मार्को क्लूस या लेखकाने ते स्वतःहून मागे घेतले, रिकाम्या जागी लिऊ त्सशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ आली, आणि शेवटी तीच जिंकली. कादंबरीचा ह्युगो अनुवादित पुस्तकाला मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. ५,९५० मतपत्रिका आल्या आणि पाच गटांत मतदारांनी ‘पुरस्कार नाही’ असा निकाल दिला. २०१७ पासून नियम बदलले, अंतिम यादीत सहा जागा झाल्या आणि नामांकने मोजण्याची पद्धतही बदलली.

आता माझे मत. विज्ञानकथेत लेखक एखादा नवा नियम घालून देतो. सूर्य तीन आहेत, भाषेत लिंग नाही, राजाने ‘मी’ म्हणायचे नाही, असा कोणताही. तो नियम किती अजब आहे यापेक्षा तो त्या जगातील माणसाच्या उठण्याबसण्यात आणि बोलण्यात कुठवर उतरला, याला मी अधिक गुण देते. या कसोटीवर माझा क्रम असा : १) द थ्री-बॉडी प्रॉब्लेम, २) अ‍ॅन्सिलरी सोर्ड, ३) द गॉब्लिन एम्परर, ४) स्किन गेम, ५) द डार्क बिट्वीन द स्टार्स.

पहिल्या क्रमांकाचे कारण पहिल्याच प्रकरणात आहे. १९६७ साल, सांस्कृतिक क्रांती, व्यासपीठावर उभा केलेला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, आणि पितळी बकलांचे पट्टे हातात घेतलेल्या शाळकरी वयाच्या चार मुली. समोरच्या गर्दीत त्याची स्वतःची मुलगी, ये वनज्ये, हे पाहत आहे. पुढे ती परग्रहावर संदेश पाठवते, तो पाठवू नकोस असा इशारा तिकडून येऊनही पुन्हा पाठवते, तेव्हा वाचकाला तिचा राग येतो, पण तिचे वागणे खोटे वाटत नाही. त्या व्यासपीठापासून या बटणापर्यंतचा रस्ता लेखकाने एकही पायरी न गाळता बांधला आहे.

रावपुरेकर

वाचनयात्रीताई, पार्श्वभूमी नेमकी मांडलीत. तुमची कसोटी मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच तुमचा क्रम मान्य नाही.

‘द गॉब्लिन एम्परर’ तुम्ही तिसऱ्या क्रमांकावर ठेवलीत याचे मला आश्चर्य वाटले, कारण बडोद्यात वाढलेल्या माणसाला ही कादंबरी परकी वाटूच शकत नाही. माइया हा अठरा वर्षांचा मुलगा, सम्राटाचा नावडता धाकटा पुत्र, राजधानीपासून दूर एका दलदलीच्या मुलखात वाढलेला. वायुनौकेच्या (एअरशिपच्या) अपघातात वडील आणि तिघे भाऊ एकदम जातात आणि पहाटे झोपेतून उठवून त्याला सांगितले जाते की, आता राज्य तुमचे. आमच्या घरी आजोबा अशीच एक गोष्ट सांगत असत. १८७५ मध्ये बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांना पदच्युत केल्यावर महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेण्यासाठी मुले पाहायला सुरुवात केली आणि नाशिककडच्या कवळाणे गावातून बारा वर्षांचा गोपाळराव, म्हणजे पुढचे सयाजीराव महाराज, आणला गेला. कशासाठी आलास, असे विचारल्यावर त्याने ‘राज्य करायला’ असे उत्तर दिल्याची आख्यायिका आपल्याकडे प्रत्येकाने ऐकलेली आहे. त्या आख्यायिकेतील धिटाई माइयामध्ये नाही, पण पुढची वर्षे मात्र तीच आहेत : बसायचे कसे, कोणापुढे काय बोलायचे, कोणत्या कागदावर सही करायची आणि कोणत्या नाही, हे सगळे पहिल्यापासून शिकणे. गोपाळरावाला शिकवायला इलियट साहेब होते आणि कारभार पाहायला दिवाण टी. माधवराव होते. पूर्ण अधिकार मिळायला १८८१ चा डिसेंबर उजाडला. माइयाला ती सहा वर्षे कोणी दिली नाहीत. त्याला त्याच दिवशी दरबारात बसावे लागते.

आणि तुमच्या कसोटीबद्दल सांगायचे तर, नियम माणसाच्या बोलण्यात उतरण्याचे याहून चांगले उदाहरण या यादीत नाही. तिथे सम्राट स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो, आणि इंग्रजीतून हद्दपार झालेला एकेरी ‘तू’ लेखिकेने जवळिकीसाठी परत आणला आहे. माइया आपल्या अंगरक्षकाकडे मैत्रीची अपेक्षा ठेवतो आणि तो अत्यंत नम्रपणे सांगतो की, महाराज, आम्हांला आपले मित्र होता येणार नाही. रात्रंदिवस दोन माणसे खोलीत आहेत आणि तरीही तो मुलगा एकटा आहे. मी ते पान दोनदा वाचले.

माझा क्रम : गॉब्लिन एम्परर, थ्री-बॉडी, अ‍ॅन्सिलरी, डार्क बिट्वीन, स्किन गेम.

त्रिज्या

मी भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे ‘थ्री-बॉडी’बद्दल दोन गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते. एक तिच्या बाजूची आणि एक विरुद्ध.

आधी विरुद्ध बाजू. एकमेकांना ओढणाऱ्या तीन वस्तूंची गती सर्वसाधारणपणे सूत्रात बांधता येत नाही आणि सुरुवातीच्या स्थितीत केसाएवढा फरक पडला तरी पुढचे सगळे बदलते, हे खरे आहे. मात्र लेखकाने तीन सूर्यांच्या त्या परग्रहासाठी निवडलेली अल्फा सेंटॉरी ही तीन ताऱ्यांची प्रणाली प्रत्यक्षात तशी बेभरवशाची नाही. त्यातील दोन मोठे तारे सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करतात आणि तिसरा, प्रॉक्सिमा, त्यांच्यापासून इतका लांब आहे की सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे १३,००० पट अंतर मध्ये पडते. अशी रचना स्थिर राहते. लेखकाने जवळचा तारा हवा म्हणून हे नाव घेतले, कारण संदेश जाऊन उत्तर यायला चार अधिक चार अशी सुमारे आठच वर्षे लागतात आणि ती एका माणसाच्या आयुष्यात बसतात. कथेची ही गरज मला समजते, पण ज्या कादंबरीचे नावच एका गणिती प्रश्नावरून ठेवले आहे तिने खरा आकाशनकाशा इतका वाकवावा, हे मला खटकले.

आता तिच्या बाजूची गोष्ट. कादंबरीत एक आभासी संगणकीय खेळ आहे; त्यात सम्राट छिन शी हुआंग तीन कोटी सैनिक मैदानात उभे करून त्यांचा संगणक बनवतो, तो प्रसंग मी अकरावीच्या वर्गात करून पाहिला. तीन मुले उभी केली. दोघे माहिती आणणारे, तिसरा उत्तर देणारा. हातात पांढरा आणि काळा असे दोन कागद. दोघांनी पांढरा दाखवला तरच तिसऱ्याने पांढरा दाखवायचा, एवढाच नियम. पाच मिनिटांत सगळ्या वर्गाला कळले की तिसऱ्या मुलाला गणित येण्याची गरजच नाही. मग बाकांच्या ओळी जोडत गेलो आणि तास संपेपर्यंत दोन आकड्यांची बेरीज वर्गाने मिळून केली. एखाद्या कादंबरीतील पान उचलून फळ्यासमोर उभे करता येते आणि ते चालते, असे माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच झाले. यासाठी माझे पहिले मत ‘थ्री-बॉडी’ला, आकाशनकाशाची चूक धरूनही. पुढे गॉब्लिन, अ‍ॅन्सिलरी, स्किन गेम, डार्क बिट्वीन.

वाचनयात्री

त्रिज्याताई, तो तास आम्हांला पाहायला मिळायला हवा होता. त्या ताऱ्यांबद्दलचा आक्षेप मी नोंदवून ठेवला आहे. तो मला माहीत नव्हता आणि तो बिनतोड आहे.

भाषांतर

माझे पहिले मत ‘अ‍ॅन्सिलरी सोर्ड’ला आहे. तिला पहिला क्रम देणारे फारसे कोणी नसेल, म्हणून कारणे सविस्तर लिहितो.

या मालिकेचा पहिला भाग, ‘अ‍ॅन्सिलरी जस्टिस’, आदल्या वर्षी, म्हणजे २०१४ मध्ये, ह्युगो जिंकलेला होता. निवेदक ब्रेक ही एकेकाळी एक अवकाशयान होती. हजारो देहांतून पाहणारी ती जाणीव आता एकाच देहात उरली आहे. तिच्या राडच साम्राज्याच्या भाषेत स्त्री-पुरुष भेद नाही, म्हणून अ‍ॅन लेकी यांनी सगळ्यांसाठी ‘शी’ हे सर्वनाम वापरले आहे, तरीही अधिकाऱ्याला हाक मात्र ‘सर’ अशीच. इंग्रजीत एवढ्याने काम भागते, कारण इंग्रजी क्रियापदाला लिंग नसते. मी पहिली काही पाने मराठीत करायला घेतली आणि तिसऱ्याच ओळीला अडलो. निवेदकाने ‘मी गेलो’ म्हणायचे की ‘मी गेले’? मराठीत माणूस स्वतःबद्दल एक वाक्य बोलला की बाई की बुवा ते कळते. आपल्या शेजारची गुजराती निदान वर्तमानकाळात ‘हुं जाउं छुं’ म्हणून सुटते, तिथे बाई आणि बुवा सारखेच. आपल्या ‘जातो’ आणि ‘जाते’ला ती सोय नाही.

मग लक्षात आले की मराठीनेही काही दारे उघडी ठेवली आहेत. ‘मी पाहिले’, ‘मी चहा घेतला’, ‘मी तिला सांगितले’ यांत बोलणाऱ्याचे लिंग दिसत नाही, कारण तिथे क्रियापद कर्माच्या मागे जाते किंवा नपुंसकलिंगी राहते. ‘मला वाटले’, ‘मला निघायचे होते’, ‘मी येईन’ हेही तसेच. याप्रमाणे एक अख्खे पान लिहून पाहिले. ब्रेक पाहते, ऐकते, सांगते, ओळखते, पण येत नाही, बसत नाही, हसत नाही. आणि गंमत अशी की सगळीकडून पाहणाऱ्या आणि कुठेच नसलेल्या यानाचा आवाज नेमका असाच हवा होता. मात्र इतर पात्रांना सरसकट ‘ती’ म्हणावेच लागते, आणि अधिकाऱ्यांना ‘त्या’. ‘सर खोलीत आल्या’ हे वाक्य लिहिताना हात थांबतो, पण दहाव्या पानापर्यंत डोळ्याला त्याची सवय होते. लेखिकेला वाचकाकडून हीच सवय हवी आहे.

ताईंच्या कसोटीचा दुसरा पुरावा चहाचा. त्या जगात उघडे हात असभ्य मानले जातात, हातमोजे घालूनच चहा होतो, आणि ब्रेकची सैनिक-सेविका ‘काल्र पाच’ ही चिनी मातीच्या भांड्यांवर जीव टाकते. कोणत्या पाहुण्यासाठी कोणता संच कपाटातून निघाला यावरून त्याचा मान कळतो. कथा पुढे त्याच चहाच्या मळ्यांवर जाते आणि पाने खुडणाऱ्या मजुरांचे हाल आपण पाहतो. कपापासून मळ्यापर्यंत एकच धागा आहे, आणि लढाई जवळजवळ नाही. अनेकांना ती संथ वाटली याचे कारण तेच असावे.

क्रम : अ‍ॅन्सिलरी, गॉब्लिन, थ्री-बॉडी, स्किन गेम, डार्क बिट्वीन.

रावपुरेकर

‘सर आल्या’ हे मी घरी मोठ्याने वाचून पाहिले. खरोखरच दोन-चार वेळा म्हटल्यावर कानाला टोचत नाही.

एक विनंती आहे. हाच प्रयोग ‘गॉब्लिन’वर करून पाहावा. तिथे इंग्रजीला जे ओढूनताणून आणावे लागले ते आपल्याकडे आयते आहे : तू, तुम्ही, आपण आणि राजाचे ‘आम्ही’. मूळ पुस्तकापेक्षा ते मराठीत अधिक सहज वाचले जाईल असे मला मनापासून वाटते.

मकरपुरा

मी ‘स्किन गेम’ पहिल्या क्रमांकावर ठेवली आहे आणि त्याची जबाबदारी घेतो. जिम बुचर यांच्या शिकागोतील जादूगाराच्या मालिकेतील हे पंधरावे पुस्तक. मृत्युदेव हेडीसच्या खजिन्यावर दरोडा घालायचा आणि सोबतीला असलेल्या माणसांपैकी कोणावरही विश्वास ठेवायचा नाही, एवढेच कथानक आहे, पण ते इतक्या नेटाने नेले आहे की कारखान्याची रात्रपाळी करून आलेल्या माझ्यासारख्या माणसाने ते दोन दिवसांत संपवले. यादीतील बाकीच्या पुस्तकांना मला तीन-तीन आठवडे लागले. हे पुस्तक त्या तयार याद्यांमध्ये होते म्हणून न वाचताच त्याला ‘पुरस्कार नाही’च्या खाली टाकणे मला अन्यायाचे वाटते. दुसरे मत थ्री-बॉडी, मग गॉब्लिन, अ‍ॅन्सिलरी, आणि शेवटी डार्क बिट्वीन.

नवी वाचक

मी गटात नवीन आहे आणि इंग्रजीतून इतके वाचन पहिल्यांदाच केले, त्यामुळे चुकत असेन तर सांगावे.

‘द डार्क बिट्वीन द स्टार्स’ मी पूर्ण वाचली आणि तिच्यावर कोणीच लिहिलेले नाही म्हणून लिहिते. केव्हिन अँडरसन यांच्या आधीच्या सात खंडांच्या मालिकेनंतरची ही नवी मालिका असल्यामुळे मागचे काही न वाचलेल्या माणसाला बराच काळ चाचपडावे लागते. शंभराहून अधिक प्रकरणे आहेत, प्रत्येक छोटे, प्रत्येक वेगळ्या पात्राचे. एखाद्या माणसाशी ओळख होते तोच तो निघून जातो आणि परत येईपर्यंत आपण त्याला विसरलेले असतो. मी वहीत नावे लिहून ठेवली होती, दोन पाने भरली. नियम भरपूर आहेत, पण ते अंगात भिनावेत एवढा वेळ कोणत्याच माणसाला मिळत नाही.

मी ‘पुरस्कार नाही’ हा पर्याय चौथ्या क्रमांकावर ठेवला आहे, त्याच्या खाली स्किन गेम आणि डार्क बिट्वीन. वर गॉब्लिन, थ्री-बॉडी, अ‍ॅन्सिलरी. मकरपुरादादा, मी दोन्ही वाचूनच हे केले आहे. ‘स्किन गेम’ मलाही आवडली, पण आधीची चौदा पुस्तके न वाचता तिच्यातील माणसांचे दुःख मला उसने वाटत राहिले.

मकरपुरा

वाचून दिलेला कोणताही क्रम मला मान्य आहे, ताई. माझी हरकत न वाचणाऱ्यांवर होती.

त्रिज्या

या संदर्भात जयंत नारळीकरांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली होती. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. त्यांच्या खऱ्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये एवढाच हेतू, आणि कथेला पहिले पारितोषिक मिळाले. वाचकांच्या मतदानात हे पथ्य पाळता येत नाही. तिथे लेखकाचे नाव, त्याचे चाहते, त्याचे विरोधक सगळे मतपत्रिकेपर्यंत येतात. त्यामुळे ते पथ्य मतदाराने स्वतःच पाळावे लागते. मार्को क्लूस यांनी पुस्तक मागे घेतले तेव्हा लेखकाच्या बाजूने त्यांनी ते पाळले. त्यांनी तसे केले नसते तर ‘थ्री-बॉडी’ मतदारांपुढे आलीच नसती.

वाचनयात्री

शनिवारी रात्री दहापर्यंत अकरा जणांचे क्रम आले. पाच जणांनी ते मला फोनवर सांगितले, ते वहीत उतरवून त्यांना वाचून दाखवले आहेत. ह्युगोच्याच पद्धतीने मोजणी केली. जिंकायला सहा मते हवी होती.

पहिल्या फेरीत गॉब्लिन एम्परर ४, थ्री-बॉडी प्रॉब्लेम ४, अ‍ॅन्सिलरी सोर्ड २, स्किन गेम १, डार्क बिट्वीन आणि ‘पुरस्कार नाही’ शून्य. शून्यवाले दोन्ही बाद झाले. मग स्किन गेम बाद झाली आणि मकरपुरादादांचे मत त्यांच्या दुसऱ्या पसंतीनुसार थ्री-बॉडीला गेले, म्हणजे ती ५ वर आली. त्यानंतर अ‍ॅन्सिलरीची दोन मते मोकळी झाली आणि दोन्हींवर दुसरी पसंती गॉब्लिन होती. गॉब्लिन ६, थ्री-बॉडी ५.

प्रत्यक्षात २०१५ मध्ये याच दोन कादंबऱ्या पहिल्या दोन जागांवर होत्या, फक्त क्रम उलट होता. माझे पुस्तक एका मताने हरले याचे मला वाईट वाटले, पण रावपुरेकरकाकांचा प्रतिसाद वाचून मी गॉब्लिन पुन्हा उघडली आणि अंगरक्षकाच्या त्या प्रसंगाशी थांबले. पहिल्या वाचनात मी तो घाईत ओलांडला होता. आज क्रम लावायचा झाला तर तिला दुसरी जागा देईन. पहिली मात्र अजूनही ये वनज्येचीच.

भाषांतर

काकांच्या विनंतीप्रमाणे ‘गॉब्लिन’चे पहिले प्रकरण मराठीत करायला घेतले आहे. पहाटे उठवलेला माइया आधी ‘मी’ म्हणतो, आणि निरोप ऐकल्यानंतर त्याला ‘आम्ही’ म्हणावे लागते. हा बदल नेमक्या कोणत्या वाक्यावर करायचा, यावर दोन दिवस अडलो आहे. रविवारी दोन्ही खर्डे घेऊन येतो. काकांनी मोठ्याने वाचावेत आणि ज्यांनी मूळ पुस्तक वाचलेले नाही त्यांनी ऐकून सांगावे.

रावपुरेकर

अवश्य. चष्मा आणि पेन्सिल दोन्ही घेऊन येतो.